वाई ते खिद्रापूर: कृष्णाकाठ धरून चार दिवस

प्रश्न ठाण्याच्या एका कुटुंबाचा आहे. राजस्थान, केरळ, हिमाचल करून झालं, यंदा चार दिवसांची सुट्टी महाराष्ट्रातच घालवायची आहे. सोबत सत्तरीच्या आई आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुलं. नेहमीच्या प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यांना नको आहे. तिथलं म्हणून जे खातात ते खायचं आणि दुसरीकडे कुठे दिसणार नाही असं काही वाटेत बघायचं, असा रस्ता त्यांना हवा आहे. दक्षिण महाराष्ट्रात पाहुण्यांना घेऊन फिरणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

अख्खं राज्य बघायचा बेत सोडा आणि एक नदी धरा, हे माझं पहिलं सांगणं. चार दिवसांत लोणार, अजिंठा आणि कोकण बसवणारे लोक दिवसातले आठ तास गाडीत असतात आणि जेवतात हायवेवरच्या फूड मॉलमध्ये. तिथे कुठल्याही जिल्ह्यात तीच पनीरची भाजी मिळते. नदी धरली की दोन मुक्कामांमधलं अंतर कमी होतं आणि खाणं नि बघणं एकमेकांना जोडलं जातं. काठावर जे पिकतं तेच ताटात येतं, आणि जी विहीर, जो घाट, जे कोठार बघायला थांबता ते त्याच पिकासाठी आणि त्याच पाण्यासाठी बांधलेलं असतं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि खिद्रापूरच्या पुढे कर्नाटकात जाते. पुण्याहून कोल्हापूर हायवेने चार-साडेचार तासांवर आहे. तुम्ही त्यालाच चार दिवस द्या.

जा जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही. तेव्हा गुऱ्हाळं पेटलेली असतात, वाई-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी असते, कृष्णाकाठची वांगी भरात असतात, शेतांवर हळद शिजत असते आणि तासगावकडे बेदाण्याची शेड भरू लागतात. नदी उतरलेली असल्याने घाटाच्या खालच्या पायऱ्याही मोकळ्या दिसतात. मे महिन्यात हाच रस्ता केलात तर यातलं निम्मंही हाती लागणार नाही.

निघा गुरुवारी पहाटे. वार मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जेवणासाठी आणि गर्दीसाठी दोन्हीकडे वाराचा हिशेब आहे.

पहिला दिवस वाईचा. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. बहुतेक लोक समोरून दर्शन घेऊन परततात. तुम्ही मुलांना देवळाच्या मागच्या बाजूला न्या. मागची भिंत माशासारखी निमुळती काढलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फाटतं. पाण्याशी वाद न घालता त्याला वाट काढून देण्याची ही युक्ती नदीच्या बाजूने नीट कळते. मग मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट सगळ्यांना ठाऊक आहे, पण घाटावरच्या छोट्या देवळातली घंटा जवळ जाऊन बघा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या, त्यांतली ही एक. हर हर महादेव म्हणत तीच घंटा वाजवणारी माणसं तिथे रोज येतात. वेळ उरला तर धोमला जा. तिथल्या देवळात नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे, नऊ वर्षांच्या मुलाला तो आयुष्यभर लक्षात राहील.

वाईत जेवणासाठी मोठी पाटी शोधू नका. बाजारपेठेतल्या कुठल्याही साध्या खाणावळीत साडेबाराच्या आत जाऊन पोचा आणि मेन्यू कार्ड न मागता ‘आज काय केलंय?’ एवढं विचारा. या चार दिवसांत दुसरं काही पाळलं नाहीत तरी एवढं पाळा. खाणावळीत रोज दोन भाज्या खऱ्या केलेल्या असतात, बाकी सगळं ऑर्डरीवर फोडणी टाकून देतात. वांग्याचं भरीत, मेथी, पिठलं, ज्वारीची भाकरी, खर्डा, जे सांगतील ते घ्या. आईंना तिखट चालत नसेल तर भाकरीबरोबर दूध नाहीतर दही मागा. आपल्याकडे त्याला कुणी नाही म्हणत नाही.

भिलारचं पुस्तकांचं गाव मे २०१७ पासून सुरू आहे. वाचणारी मुलं असतील तर पसरणीचा घाट चढून संध्याकाळ तिथे काढा, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. नसतील तर वाईतच घाटावर बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या अलीकडे हायवे सोडून लिंब गावात वळायचं. इथली बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली, विरूबाईंनी शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली. शंभर फुटांहून खोल, अष्टकोनी, आणि एका वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढायचे चामड्याचे मोठे पोहरे, चालतील अशी. भोवतालच्या आमराईला इथून पाणी जात होतं. जिना उतरून कमानीखालून आत गेलात की विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे, कोरीव खांबांचा, वर बसायला जागा असलेला. पाणी काढायच्या जागेत कुणीतरी दरबार भरवायची सोय केली, हे स्वतः तिथे उभं राहिल्याशिवाय पटत नाही. वरच्या दगडांवर मोटेच्या दोरांनी पडलेल्या खाचा आहेत, त्यात मुलांना बोट घालून बघू द्या. आईंना जिना जड वाटला तर त्या वरूनही बरंच बघू शकतात. काठाला सगळीकडे कठडा नाही, तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

साताऱ्यात कंदी पेढे घ्याच. खवा तपकिरी होईपर्यंत भाजलेला असल्याने हा पेढा इतर पेढ्यांपेक्षा कमी गोड आणि जास्त खमंग लागतो. जुन्या दुकानातून घ्या, आणि आधी एक खाऊन बघून मगच किलोचा विचार करा. गावाबाहेर संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथल्या समाध्यांमध्ये एक समाधी कुत्र्याची आहे, शाहू महाराजांच्या खंड्याची. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, अशी हकिकत सांगतात. एका छत्रपतीने कुत्र्याचे उपकार दगडात बांधून ठेवले, ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

इथून थेट हायवेला न लागता कोरेगाव, रहिमतपूर करत औंधला जा. कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, दाण्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे असलेला, आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. वाटेतल्या बाजारात सुटा घेवडा मिळाला तर दोन किलो उचला. रात्री भिजवून कांदा-लसूण मसाल्यात त्याची उसळ केली की दाणा मऊ होतो पण फुटत नाही. औंधचं संग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे ते हेच राजेसाहेब. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या इमारतीत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे. माणदेशाच्या तोंडावरच्या एका लहान संस्थानात हे शिल्प असेल याची कल्पना मुंबईच्या कलारसिकांनाही फारशी नसते. बंद असण्याचा वार आधी फोन करून विचारा.

मुक्काम कराडला करा. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि एकत्र होऊन काटकोनात वळतात. नद्यांची अशी गळाभेट क्वचित दिसते, म्हणून या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. संध्याकाळी घाटावर अर्धं कराड फिरायला आलेलं असतं. सकाळी जुन्या कोटातली नकट्या रावळ्याची विहीर बघून गाव सोडा.

आता गुऱ्हाळ. यासाठी मी वेळेत कधीच काटकसर करत नाही. कराडपासून खाली कोल्हापूरपर्यंत उसाच्या पट्ट्यात कुठे तरी धुरांडं दिसेल आणि गोड, किंचित जळका वास येईल, तिथे गाडी आत घ्या. साखर कारखाने आल्यापासून गुऱ्हाळं पुष्कळ कमी झाली आहेत, म्हणून दिसलेलं सोडू नका. घाण्यातून निघालेला रस गाळून मोठ्या काहिलीत, म्हणजे पसरट कढईत, पडतो. खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळत असतात, बाहेरून जळण आणावं लागत नाही. रस तापला की त्यात भेंडीचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. मग उरतो तो गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा, खेळ. उकळीचा रंग, बुडबुड्यांचा आकार आणि आवाज यांवर त्याचं लक्ष असतं. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी वळतो, आणि त्या गोळीवरून काहील उतरवायची की नाही ते ठरतं. थोडं लवकर उतरवलं तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर करपट लागतो. काहील उतरवायची वेळ आली की तिथली सगळी माणसं एकदम हलतात. तेव्हा मुलांना दहा हात लांब ठेवा. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो.

गुऱ्हाळावर तीन गोष्टी खायच्या: ताजा रस, वाफ्यात ओतलेला आणि अजून मऊ असलेला गरम गूळ, आणि काकवी. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या थोडं आधी काढलेला पातळ पाक. बाटलीत भरून घ्या, घरी गरम भाकरी किंवा चपातीवर तूप आणि काकवी याला तोड नाही. गरम गूळ द्यायला गुऱ्हाळवाले सहसा पैसे घेत नाहीत, म्हणून ढेप नाहीतर किलो-दोन किलो गूळ विकत घेतल्याशिवाय निघू नका. गूळ घेताना फार पिवळाधमक बघून भुलू नका. काळसर, तांबूस गूळ बहुधा कमी रसायनांचा असतो आणि चवीला खोल लागतो.

कराडहून सांगलीला जाताना मुद्दाम तासगाववरून जा. तिथलं गणपतीचं देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलं आणि त्याला दक्षिणेतल्यासारखं सात मजली गोपुर आहे. भाऊंच्या मोहिमा कर्नाटकात व्हायच्या, तिकडे बघितलेलं त्यांनी गावी आणून उभं केलं. या तालुक्याच्या रस्त्यांवर शेतात लांबलचक, हिरव्या जाळीने झाकलेली शेड दिसतील. ती बेदाण्याची. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सुटतो, आणि मग मजल्यामजल्यांच्या जाळ्यांवर पसरून सावलीत दोनेक आठवडे वाळवतात. सावलीत वाळल्याने रंग हिरवट-पिवळा राहतो. शेडच्या मालकाला विचारून आत जा. अर्धवट वाळलेलं द्राक्ष, ना ओलं ना सुकं, हे खाणं बाजारात मिळत नाही. फेब्रुवारीच्या पंधरवड्यानंतर गेलात तर नक्की सापडेल.

सांगलीत दुपारचं जेवण भरल्या वांग्याचं. कृष्णाकाठची वांगी काटेरी देठाची आणि पातळ सालीची, बी कमी असणारी. शेंगदाणे, तीळ आणि कांदा-लसूण मसाला भरून केलेल्या वांग्यात तेलाचा तवंग वर आला पाहिजे. बिनतेलाचं मागितलंत तर तुम्हाला त्याची चवच कळणार नाही. संध्याकाळच्या भुकेला भडंग घ्या: कुरकुरीत चिरमुरे, लसूण, तिखट, शेंगदाणे. जयसिंगपूरचं चांगलं की सांगलीचं, यावर इथे घराघरांत मतभेद आहेत. मी सांगलीच्या बाजूचा.

आयर्विन पूल बघायला विसरू नका. १९२९ चा हा दगडी पूल, आणि त्याच्या खांबावर पाण्याची पातळी मोजायच्या खुणा. पावसाळ्यात अख्ख्या जिल्ह्याचं लक्ष या आकड्यावर असतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ आणि २०१९ च्या पुराच्या गोष्टी पुलावरच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हात वर करून पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवेल.

सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वात जास्त मोलाची वाटणारी जागा हीच. वरून बघितलं तर जमिनीत एक अरुंद तोंड, त्यावर झाकण आणि मातीचा लेप. खाली मोठ्या रांजणासारखी पोकळी. इथली माती अशी घट्ट आहे की पाणी झिरपत नाही. तळाला आणि कडांना पाला-गवत घालून हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. आत हवा राहत नाही म्हणून कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. काही तास तोंड उघडं ठेवून आतली कोंडलेली हवा जाऊ देतात, नाहीतर माणूस गुदमरतो. सांगलीची हळदीची पेठ देशात नावाजली त्यामागे ही कोठारंही आहेत. २००५ च्या पुराने यातली पुष्कळ पेवं खराब झाली आणि व्यापार गोदामांकडे वळला. त्यामुळे चालू पेव बघायला मिळेलच असं नाही. गावात विचारा, जुनी माणसं आवर्जून दाखवतात. तिथे मुलांनी झाकणावर उड्या मारू नयेत, एवढं मात्र सांभाळा.

मिरज दहा किलोमीटर. सतारमेकर गल्लीत दुकानांच्या छताला वाळलेले भोपळे टांगलेले दिसतील, सोलापूर-पंढरपूर भागातून आलेले. त्यांचीच सतार आणि तंबोरा होतो. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा सुरू केला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर कामात असतात, तेव्हा आधी विचारा आणि थोडा वेळच थांबा. तंबोऱ्याच्या तारांना गुंजन यावं म्हणून घोडीवर दोरा सरकवत जवारी कशी लावतात ते ऐकायला मिळालं तर मुलांना शाळेत मिळणार नाही असा ध्वनीचा धडा होईल.

शनिवारी संध्याकाळी नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, आणि बासुंदी. गुरुवारी आणि पौर्णिमेला इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तर तुम्हाला गुरुवारी निघायला सांगितलं. बासुंदी म्हशीच्या दुधाची, दाट, सायीचे पापुद्रे असलेली. तिथेच बसून खा, ठाण्यापर्यंत न्यायचा मोह टाळा. न्यायची तर कवठाची बर्फी न्या, आंबटगोड, टिकाऊ आणि दुसरीकडे क्वचित मिळणारी. घाटाच्या पायऱ्या उभ्या आहेत, आईंना सावकाश उतरवा. पलीकडच्या कुरुंदवाडला गणेशोत्सवात काही मशिदींमध्ये गणपती बसवतात. सप्टेंबरात कधी या बाजूला आलात तर ते बघा.

रविवारी सकाळी लवकर खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहार राजांचं. स्वर्गमंडपाला वर छत नाही, मधोमध गोल मोकळीक आहे आणि खाली तेवढीच गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र या मोकळिकीच्या माथ्यावर येतो. बाहेर पायथ्याशी हत्तींची रांग आहे. शंकराचं देऊळ असून समोर नंदी मात्र नाही, तो नदीपलीकडे कर्नाटकात येडूरला आहे असं सांगतात. मुलांना हत्ती मोजायला लावा, प्रत्येकाची झूल आणि दागिने वेगळे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात इथली कोरीव कामं उठून दिसतात, दुपारी सपाट वाटतात.

तिथून कोल्हापूर दोन तासांच्या आत, आणि रविवार म्हणजे मटणाचा वार. कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे वशाटाचे, म्हणजे मांसाहाराचे, वार घरोघरी पाळतात, त्यामुळे त्या दिवशी मटण ताजं असतं आणि खानावळीही मन लावून करतात. तांबडा रस्सा आधी घोटभर प्या, मग पांढरा. पांढरा नारळाच्या दुधाचा आणि खसखशीचा असल्याने मुलांना सोसतो. रस्सा परत परत वाढतात, त्यामुळे पहिल्याच वाटीला पोट भरू नका. कोल्हापूरहून ठाणं सात तासांवर आहे. जेवून दीडला निघालात तर रात्री नऊपर्यंत घरी पोचाल.

जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी आली तर हाच रस्ता उलटा धरा, खालून वर. तेव्हा वाडीत नदी देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नानाला लांबून लोक येतात. पण निघण्याआधी आयर्विन पुलाची त्या दिवशीची पातळी बातम्यांत बघा. ३५ फुटांच्या वर असेल आणि कोयना धरणातून विसर्ग सुरू असेल, तर वाडी आणि खिद्रापूर गाळून फक्त वाई, लिंब आणि सातारा करा.